पान आंबट नव्हतं

बहरीनमधली ती सकाळ डोळ्यांपुढे आली की आजही माझ्या तळहातांना घाम फुटतो. चौतीस वर्षं पोलीस खात्यात काढली. दंगलीत दगड खाल्ले, सुरा घेतलेल्या माणसाच्या अंगावर धावून गेलो. तेव्हाही भीती वाटायची, पण अंगात वर्दी होती. ही भीती आली ती निवृत्तीनंतर, लेकीच्या फ्लॅटच्या दारात, मी लेंगा-बनियनवर असताना. समोर गुन्हेगारही नव्हता. समोरच्या फ्लॅटमधली बाई होती आणि तिच्या हातात एक हिरवं पान होतं.

माझी मुलगी तिथल्या उम्म अल हस्सम भागात राहते. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, जावई एका ऑफिसात. सकाळी दोघं बाहेर पडली की घरात मी आणि एसीची घरघर. व्हिजिट व्हिसावर आलेल्या म्हाताऱ्याला दुसरं काय काम? समोर रत्नागिरीकडचं मुसलमान कुटुंब होतं. नवरा एका मेंटेनन्स कंपनीत एसी मेकॅनिक, बायको घरी, दोन मुलं शाळेत. बाईला माझ्याशी मराठीत बोलायला बरं वाटायचं, म्हणून ती कधी घावणे, कधी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण घेऊन बेल वाजवायची. खात्याची खोड जात नाही. पहिल्या आठवड्यातच मी त्या घराची सगळी माहिती काढली होती. माणसं सरळ होती.

"काका, ही अंबाडीच ना?" तिनं विचारलं. "ह्यांनी कामावरनं कुंडी आणलीनी. झाड एवढुसं, पण पानांनी नुसतं भरलाय. चार पानं डाळीत घालते म्हटलं, पोरं शाळेतनं येतील तोवर."

मी वाकून पान पाहिलं. हाताच्या बोटांसारखं फाटलेलं, कडांना दाते. अंबाडीचंही पान अगदी असंच असतं, आणि या सारखेपणानं मला एकदा तोंडघशी पाडलेलं होतं.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवा फौजदार, अंगात मस्ती. एका खबऱ्यानं सांगितलं की नदीकाठच्या गावात एका विधवेनं बांधाला गांजा लावलाय. मी जीप घेऊन गेलो, झाडं उपटली, पंचनामा केला आणि बाईला ठाण्यात आणून बसवलं. ती सारखी म्हणत होती, भाजी आहे साहेब, भाजी आहे. प्रत्येक आरोपी काहीतरी म्हणतच असतो. दोन दिवसांनी आमचा म्हातारा हवालदार रजेवरून आला. त्यानं मुद्देमालातलं एक पान तोंडात टाकलं आणि म्हणाला, "साहेब, आंबट आहे. भाकरी असती तर बरं झालं असतं." सगळं ठाणं हसलं. मी बाईला "जा" म्हणालो आणि कागद फाडले. एवढंच.

तो हवालदार आठवला आणि मी शेजारणीच्या हातातलं पान घेऊन त्याचा कोपरा चावला. आयुष्यात देवाकडे फार काही मागितलं नाही, पण त्या वेळी मागितलं, एवढं पान आंबट लागू दे.

पान आंबट नव्हतं. कडवट होतं, आणि बोटांना ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीचा वास लागला होता.

"डाळीत घातलंस का?"

"नाय, अजून नाय. काय झालं काका?"

मी तिच्याबरोबर गेलो. बेडरूममधल्या कपड्यांच्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केलेला, वर दिवा लावलेला आणि खाली कुंडी. झाड दीड वीतभर, बुटकं, गच्च. अंबाडीला पिवळं फूल येतं आणि त्याच्या मधोमध गडद लाल डोळा असतो. इथे शेंड्यांवर पांढऱ्या केसांचे बारीक झुबके धरू लागले होते. गांजाला फूल लागत होतं. शेजारच्या कप्प्यात मुलांचे शाळेचे गणवेश घडी करून ठेवलेले होते.

"हे कपाटात कशाला ठेवलं?"

"ह्यांनी सांगितलानी, उन्हात नको, कुणाला दाखवू नको, नाजूक आहे म्हणून."

कुणाला दाखवू नको, हे शब्द मला खटकले. मी तिला म्हटलं, नवऱ्याला फोन कर, ताबडतोब घरी ये म्हणावं, कारण सांगू नकोस. मग मी जावयाला फोन लावला.

सगळं ऐकून तो म्हणाला, "बाबा, हा आपला देश नाही. इथे ड्रग्जला माफी नाही. तुम्ही व्हिजिटवर आहात, माझा व्हिसा आहे, हिची नोकरी आहे. आपण काही पाहिलं नाही. प्लीज, दार लावून घ्या."

त्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी खरोखरच घरात आलो, कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभा राहिलो. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला की मी कडी पुन्हा चाचपून पाही. हद्द माझी नाही, अधिकार माझा नाही, भाषा माझी नाही. लोक पोलिसांना पाहून भिंतीला चिकटतात ते मी जन्मभर पाहिलं होतं. आता मीच चिकटलो होतो. दहाएक मिनिटांनी बेल वाजली आणि दारापलीकडून तिचा आवाज आला, "काका, हे आले. तुम्ही या ना." लाज वाटली, म्हणून कडी काढली.

नवरा चाळिशीतला, युनिफॉर्मला ग्रीसचे डाग. मी बायकोला स्वयंपाकघरात बसवलं, दार ओढलं आणि त्याच्यासमोर खुर्ची घेतली. 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आलो ते कळलं नाही.

"कुंडी कुणाची?"

"साहेब, जनाबिया भागातल्या एका व्हिलातल्या साहेबाची. गोरा आहे. एकटाच राहतो."

"तुझ्याकडे कशी?"

"तो लीव्हवर गेला तीन आठवडे. एसी बंद पडला म्हणून चावी देऊन गेला. काँप्रेसर गेलाय, पार्ट यायला दहा दिवस. त्याला कळवलं तर म्हणाला, माझं औषधाचं झाड मरेल, गुडघ्याला लावतो मी. थंड जागी ठेव, दिवा पण घेऊन जा. रोज मेसेज करतो, झाड कसं आहे म्हणून. अमानत आहे साहेब, कुणाची वस्तू अशी मरायला कशी टाकू?"

"आणि बायकोला कुणाला दाखवू नको म्हणालास?"

"पोरं हात लावतील, शेजारपाजारची पानं तोडतील म्हणून. का, झालं काय?"

मी सांगितलं. तो हसला. मग माझा चेहरा पाहून हसायचा थांबला. "गांजा तर पुडीत असतो ना साहेब," एवढंच म्हणाला.

माणूस खोटं बोलतोय की खरं, हे डोळ्यांत दिसतं असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. उत्तम रडणारे अट्टल चोर मी पाहिलेत. म्हणून तोच प्रश्न मी तीन बाजूंनी विचारला. चावी कधी दिली, गाडीत कुठे ठेवलं, गेटवर कुणी पाहिलं? तिसऱ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, "गेटवर तर लिहून दिलंय साहेब! जॉब कार्डावर आहे सगळं."

कंपनीचा नियम होता. गिऱ्हाइकाच्या घरातून स्क्रू जरी नेला तरी जॉब कार्डावर लिहायचा आणि कंपाउंडच्या वॉचमनची सही घ्यायची. एक प्रत गेटवर, एक ऑफिसात, एक मेकॅनिककडे. त्यानं खिशातून चुरगळलेली प्रत काढली. काँप्रेसर एक. त्याच्या खाली इंग्रजीत, त्याच्या कष्टी अक्षरात, झाड एक, दिवा एक, एसी बंद असल्यामुळे नेले, गिऱ्हाइकाला कळवले.

गांजा आहे हे माहीत असलेला माणूस तो गेटवर लिहून देत नाही. माझ्या नोकरीत इतका स्वच्छ पुरावा मला क्वचितच मिळाला होता. पण त्याच कागदानं मी गारठलोही, कारण झाड याच माणसानं नेलं हे त्याच्याच सहीनं तीन ठिकाणी लिहिलेलं होतं.

बायको दार उघडून आत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "कापून टाकते मी. पाण्यात सोडते. खलास."

"गेटवर कागद आहे," मी म्हटलं. "उद्या कुणी विचारलं, झाड कुठाय, तर काय सांगशील? आणि परत नेऊन ठेवायचं तर रस्त्यात गाडी अडवली म्हणजे?"

"मग काय करू साहेब?" तो म्हणाला. "तुम्ही सांगाल ते."

हे वाक्य मला फार जड गेलं. मी म्हटलं, "कुणी दार ठोठावायच्या आधी आपणच कळवायचं. तुझ्या सुपरवायझरला बोलव, कंपनीचा अरबी बोलणारा माणूस घे. मेसेज पुसू नकोस. कुंडीला हात लावू नकोस. खरं ते सांग. काही होणार नाही."

काही होणार नाही! हे मी किती जणांना सांगितलं असेल? शेकड्यांनी. त्यातल्या काहींचं पुढे बरंच काही झालं होतं. मी ते जाणून होतो आणि तरीही बोललो, कारण दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतं.

कंपनीनं कळवल्यावर दुपारी साध्या कपड्यांतले तीन पोलीस आले. ओरडले नाहीत, ढकललं नाही. फोटो काढले, कुंडी आणि दिवा सील केला, जॉब कार्डाची प्रत आणि फोन ताब्यात घेतला. त्यांच्या तरुण अधिकाऱ्यानं कंपनीच्या माणसाकरवी मला विचारलं, तुम्ही कोण? मी शेजारी आहे म्हणालो. पूर्वी कोण होतो ते सांगायला जीभ वळली नाही. मेकॅनिकला घेऊन ते लिफ्टकडे निघाले. जाताना त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. ती नजर शिवी दिल्यापेक्षा वाईट होती, कारण तिच्यात विश्वास होता.

तीन दिवस. रोज सकाळी ती बेल वाजवायची. हातात काही नसायचं. "काका, येतील ना?"

"येतील," मी म्हणायचो.

"इंशाल्ला," असं म्हणून ती परत जायची, आणि मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुवायचो. चुकीचा सल्ला दिला असेल तर? मी गप्प बसलो असतो तर? लेकीनं तीन दिवस मला काही विचारलं नाही. फक्त ताटात वाढलेलं तसंच का राहिलं, एवढं विचारलं.

चौथ्या दिवशी दुपारी लिफ्ट थांबली आणि तो बाहेर आला. दाढी वाढलेली, एकटा. जॉब कार्डाच्या तिन्ही प्रती जुळल्या होत्या आणि मेसेज तर होतेच. बायको दारातच खाली बसली. त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणालात तसंच झालं." तसंच होईल याची मला खात्री नव्हती, हे त्याला अजूनही ठाऊक नाही. व्हिलातल्या माणसाचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? दाराच्या आतल्या बाजूनं पोलीस कसा दिसतो ते, आणि वाट पाहणाऱ्या बाईचा एक दिवस किती लांब असतो ते. चौतीस वर्षं दाराच्या बाहेर उभं राहून हे कळलं नव्हतं.

परत आल्यावर मी त्या नदीकाठच्या गावी गेलो. विधवा केव्हाच वारली होती. तिची लेक भेटली, साठीची. तेव्हा ती दोन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसून होती आणि मी आत-बाहेर करताना विचारायची, आई येईल ना? मी मान वर न करता म्हणायचो, खरं बोलली तर येईल. मी कोण ते सांगितलं आणि माफी मागितली. तिनं आधी चहा टाकला.

मग बांधाकडे बघत म्हणाली, "खरंच तर बोलत होती ती, साहेब. त्यानंतर आईनं अंबाडी कधी लावली नाही."