लाल ठिपक्याचा पेला

सुरतेजवळच्या पांडेसऱ्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पेले लग्न झाल्यापासून नूतनबाईच धूत आल्या. पाळकाची बायको म्हणजे बिनपगारी शिपाई, हे त्यांना पहिल्याच रविवारी कळलं होतं. सतरंज्या झटका, पेटी पुसा, आणि प्रभुभोजनाचा रविवार आला की काळ्या मनुका भिजवा, उकळा, फडक्यातून गाळा. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा मंडळीचा द्राक्षारस तो हाच. तो ओतायला स्टीलचे इवले इवले पेले होते, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढे. उपासना आटोपली की नूतनबाई ते लिंबू-मिठानं घासायच्या, आणि घासताना त्यांना आजी आठवायची.

आजी साक्रीकडची. पाटलाच्या खळ्यावर राबायची. तहान लागली की ओट्याखाली बसून ओंजळ धरायची आणि पाटलीण वरून पाणी ओतायची, तांब्या हाताला लागू न देता. पुढे गावात मिशनवाले आले तेव्हा आजीनं ना स्वर्ग विचारला ना नरक. "तुमनामा पेलाले हात लावू देतस का?" एवढंच विचारलं, आणि बाप्तिस्मा घेतला. मंडळीतल्या निम्म्याअधिक घरांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच. पण पोट भरलं की भुकेची आठवण राहत नाही म्हणतात, तशी ती कुणाला राहिली नव्हती.

नूतनबाईंचे यजमान पाळक शिमोन अहिरे. आवाज बारीक, अंगावर मांस नाही, पण एकदा पाय रोवला की बैल हलेल, ते हलायचे नाहीत. त्यांनी ज्योतीसाठी पाय रोवला.

ज्योती बमरोलीला एका खोलीत राहायची, घरी आणलेल्या साड्यांना टिक्या चिकटवायची. जन्माला मुलगा म्हणून आली होती. साडी नेसली त्या दिवशी बापानं ताट अंगणात मांडलं आणि दुसऱ्या दिवशी तेही मांडलं नाही. टिक्यांच्या गोंदानं नखं काळी पडत, म्हणून ती कायम लाल नेलपॉलिश लावायची. एका रविवारी ती मंडळीच्या दाराशी चपलांच्या ढिगात येऊन बसली. पाळकसाहेबांनी प्रवचन थांबवलं.

"ज्योतीताई, आत ये. बायकांच्या बाजूला जागा आहे."

जागा लगेच झाली. बायका अशा सरकल्या की सतरंजीचा एक अख्खा पट्टा तिच्या एकटीच्या वाट्याला आला.

त्या दिवसापासून सुरू झालं. मंडळीचे पंच छगन सोनवणे, ज्यांच्याकडे सभागृहाची आणि पाळकाच्या खोल्यांचीही मालकी, ते जिन्यावर उभे राहून विचारायचे, "काय पाळकसाहेब, ज्योती उना का उनी?"

"ज्योती उनी. ती आली," पाळकसाहेब शांतपणे म्हणायचे.

"उनं म्हणा ना, उनं," महिला मंडळाच्या शोभाबाई मागून म्हणायच्या. "कुत्रं उनं, मांजर उनं, तसं."

आणि सगळा जिना हसायचा.

ज्योतीच्या घरमालकानं तिचं सामान बाहेर फेकलं तेव्हा पाळकसाहेब दिवसभर पोलीस चौकीत बसून राहिले आणि तिला खोली परत मिळवून दिली. पाळकांच्या सभेत ते उठून बोलले, की देवानं घडवलेल्या माणसाला आपण देवळात आणि गल्लीत दोन्हीकडे सारखा मान द्यायचा, त्यात ज्योती आली, मुलावर जीव लावणारा मुलगा आला, सगळे आले. पुढच्या सभेचं बोलावणं त्यांना आलं नाही.

"तुम्हाला काय पडलंय एवढं?" नूतनबाई घरी म्हणाल्या.

"मला नाही, प्रभूला पडलंय. मी फक्त त्याचा हमाल."

मग एका प्रभुभोजनाच्या सकाळी शोभाबाई स्वयंपाकघरात आल्या. फळीवर नूतनबाईंच्या मुलीची, गायत्रीची, नेलपॉलिशची बाटली होती. ती घेतली, एका पेल्याच्या अंगाला लाल ठिपका लावला आणि फुंकर मारून वाळवला.

"हाऊ पेला तबकमा कडेले ठेव. त्याले हाऊच जाऊ दे. सरमिसळ नको."

शोभाताई, हे बरं नाही, असं नूतनबाईंच्या अगदी ओठावर आलं. पण डोक्यावरचं छप्पर छगनभाऊंचं, आणि गायत्रीचं लग्न ठरलेलं तेही छगनभाऊंच्याच भाच्याशी. शब्द त्यांनी गिळला. पेला कडेला ठेवला. छगनभाऊंनी तबक फिरवताना ते ज्योतीपुढे बरोबर वळवलं. नंतर नूतनबाईंनी तो पेला इतरांबरोबर घासला, ठिपका निघणार नाही अशा बेतानं.

हे पुष्कळ दिवस चाललं. आणि मग उपासनेत साक्ष द्यायच्या, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायच्या वेळी एकदा ज्योती उभी राहिली. याआधी ती कधी बोलली नव्हती.

"मला माझ्या घरानं अंगणात ताट दिलं," ती म्हणाली. "इथं माझ्या बहिणींनी माझ्या नावाचा पेला केला. मला लाल रंग आवडतो हे कुणीतरी बघितलं, माझ्या नखांचा रंग पेल्याला लावला. कुणी लावला माहीत नाही. जिनं लावला तिच्या लेकराबाळांना देव सुखी ठेवो."

बायकांनी तोंडात पदर कोंबले. शोभाबाईंचे खांदे गदगदा हलत होते. ज्योतीला वाटलं त्या रडतायत, आणि तिचेही डोळे भरले.

पाळकसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. "तू पेले धुतेस," ते म्हणाले. "तुला ठिपका दिसला नाही?"

"नाही बाई," नूतनबाई म्हणाल्या. "हल्ली जवळचं दिसत नाही मला."

पुढच्या प्रभुभोजनाला तबक निघायच्या आधीच पाळकसाहेबांनी लाल ठिपक्याचा पेला उचलला.

"साहेब, तो माझा आहे," ज्योती हसून म्हणाली.

"आज मला दे. आजपासून दोघांचा," म्हणत त्यांनी तो अर्धा प्यायला आणि उरलेला तिच्यापुढे धरला.

छगनभाऊ उठले. "पाळकसाहेब, त्याचा लाड नका करू. तो पेला विटाळाचा आहे. आमच्या लेकरांच्या तोंडाला लागू नये म्हणून खूण केली. तुम्ही तोंड लावलं, आता तुम्हीपण त्यातलेच."

"आनी त्याले वाटनं सिनगार शे," शोभाबाई म्हणाल्या.

आता पदर कुणी कोंबले नाहीत. पोरंसोरंसुद्धा हसली. ज्योतीनं आपल्या नखांकडे पाहिलं, मग बोटं आत मुडपून मुठी केल्या आणि तशीच उठली. पाळकसाहेब पेला धरून उभेच होते. दाराशी तिच्या चपला नव्हत्या. कुणीतरी लाथेनं जिन्याखाली उडवल्या होत्या. ती अनवाणी उतरली.

पंचांनी पाळकसाहेबांना काढलं. गायत्रीचं लग्न मोडलं. मंडळीनं स्टीलचे पेले भंगारात दिले आणि वापरून फेकायचे प्लास्टिकचे आणले. पाळकसाहेब आता पलसाण्याला कापड रंगवायच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये ताके उचलतात, आणि रविवारी बमरोलीला ज्योतीच्या दाराबाहेर भाकर आणि मनुकांचा रस घेऊन बसतात. आत टिक्यांचा डबा वाजतो. दार उघडत नाही.

शेवटी नूतनबाई गेल्या. भर उन्हाची वेळ. दार एका टकटकीत उघडलं. ज्योतीच्या नखांवर रंग नव्हता, गोंद होता.

"ज्योती, एकदा त्यांच्यासमोर बस. त्यांची काही चूक नव्हती."

"साहेबांची नव्हतीच," ज्योती म्हणाली. "पेले कोण धुवायचं, पाळकीणबाई?"

"मी."

"म्हणजे माहीत होतं."

यावेळी नूतनबाईंना जवळचं दिसत नाही असं म्हणता आलं नाही. "होतं," त्या म्हणाल्या. "बाटलीही आमच्याच घरातली."

टिक्यांची साडी बाजूला सारून ज्योती माठाकडे गेली. "उन्हाच्या आलात. पाणी घ्या." तिनं माठातून तांब्या भरला. फळीवर पेले पालथे घातलेले होते, नूतनबाईंना स्पष्ट दिसत होते. ज्योतीनं त्यांना हात लावला नाही.

"ओंजळ करा," ती म्हणाली.

नूतनबाईंनी वर पाहिलं. ज्योती उंबऱ्यात उभी होती, तांब्या उंच धरून, त्यांच्या हातांपासून वीतभर लांब. नूतनबाई पायरीवर बसल्या. दोन्ही तळवे जोडून तोंडाशी नेले, आजी न्यायची तसे. पाणी वरून पडू लागलं, कोपरांवरून ओघळून पदर भिजवू लागलं. नूतनबाई प्यायल्या. ज्योती तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिली, मग आत गेली आणि तिनं कडी लावली.