पंख्यासमोरचा कोशाचा धागा

श्री. दौलतभाऊंच्या एकसष्टीच्या ग्रंथासाठी त्यांच्या तांत्रिक कामावर लेख द्यावा, असे समितीचे पत्र आले. पत्रात माझा उल्लेख ‘त्यांचे शिष्य’ असा होता. तो वाचून मान खाली गेली. का, ते या लेखात सांगायचे आहे.

आमची पहिली ओळख ब्रह्मपुरीजवळच्या कोसा, म्हणजे टसर रेशमाच्या, बीज केंद्रात झाली. ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळणाऱ्या ढिवर कुटुंबांना तिथून अंडी मिळत. मी नागपूरहून आलेला नवा इंजिनिअर, ते केंद्राचे इलेक्ट्रिशियन. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असूनही पहिल्याच दिवशी मी त्यांना नुसते ‘दौलत’ म्हणून हाक मारली. त्यांनी ओ दिली आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

अंड्यांच्या खोलीत हवा सतत पण मंद फिरावी लागते. ती कोंडली की बुरशी धरते. त्यासाठी भिंतीत उंचावर, जाळीआड, तळहाताएवढे चार डीसी पंखे होते. एका कारखान्यातून निघालेला जुना कंट्रोलर मी त्यांना जोडायचे ठरवले. कंट्रोलर शून्य ते दहा व्होल्टचा नुसता इशारा देतो, पंखा फिरवण्याची ताकद त्यात नसते. मी तर तारा थेट पंख्यालाच लावायला निघालो होतो. दौलतभाऊंनी हात धरला, मध्ये वेगळ्या सप्लायवर चालणारे ड्रायव्हर कार्ड बसवले आणि कंट्रोलर वाचवला. अहवालात मी ती कल्पना माझ्या नावावर लिहिली.

पंखे सुरू करून मी इशारा दोन व्होल्टवर आणला. पंखे छान मंद फिरू लागले. दौलतभाऊ बराच वेळ पाहत होते.

“साहेब, आता फिरून राह्यला म्हून फिरते. लाइट जाऊन आली का दोन व्होल्टवर तो उठत नाई. आधी पूरा जोर द्या, मंग कमी करा. तसं तुमच्या कंट्रोलरमंदी बसवा.”

“कार्डाच्या कागदात असं काही लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही. प्रत्येक जाळीवर टाकाऊ कोशाचा एकेक धागा बांधला आणि चौकीदाराला दाखवले: धागा हलला तर हवा आहे. आकड्यावर विसंबायचे नाही, हवा डोळ्यांनी पाहायची, ही त्यांची पद्धत होती. पुढच्या आठवड्यात वरिष्ठ पाहणीला यायचे होते. ते लोंबणारे धागे मला गबाळे वाटले. दौलतभाऊ रजेवर असताना मी ते कापून टाकले.

पाहणी झकास झाली. शनिवारी दुपारी, दौलतभाऊ अजून रजेवरच असताना, लोडशेडिंग झाले, तासाभराने वीज आली. पंखे उठले नाहीत. चौकीदाराने धागे शोधले, ते दिसले नाहीत, तेव्हा कंट्रोलरच्या पडद्यावर पाहिले. तिथे दोन व्होल्ट नीट उमटले होते. सोमवारी खोली उघडली, तर ट्रेमधल्या अंड्यांवर बुरशी पसरली होती. चार दिवसांनी ती वाटायची होती.

चौकशीत विचारले गेले, “वायरिंग कोणी केलं?” मी म्हणालो, “दौलतने.” यात एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच तो मला इतकी वर्षे टोचतो आहे. दौलतभाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि विचारले, “दुसरी अंडी कुठी भेटतीन?”

जीप पकडून ते नदीपलीकडच्या केंद्रात गेले. खड्ड्यांचे हादरे बसू नयेत म्हणून अंड्यांचे डबे मांडीवर घेऊन परत आले. मग घरोघर जाऊन, “आमच्याच्यानं चूक झाली,” असे सांगत त्यांनी ती वाटली. ती घरे त्यांच्याच गावची, त्यांच्याच नात्यातली. सगळ्यांना अंडी पुरली नाहीत. तिथे त्यांना अजूनही ‘अंडी नासवणारे भाऊ’ म्हणतात. ते नाव माझे आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे कंट्रोलर बदलल्यावर पंखे एकदाही अडले नाहीत, आणि शाबासकी मला मिळाली.

हा लेख छापण्याची परवानगी मागायला मी गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. मी वाचत गेलो, ते ऐकत राहिले.

“तवा राग आलता मले,” ते म्हणाले. “लय आलता. पण अंडी आधी पायजेत होती.” मग त्यांनी विचारले, “पंख्याचं बरोबर लिवलं ना? आधी पूरा जोर, मंग कमी. नाई तं वाचणारा पुन्हा तेच करन.”

बरोबर लिहिले आहे, भाऊ. या ग्रंथाच्या प्रती घेऊन मी तुमच्या गावी जाणार आहे आणि प्रत्येक अंगणात उभा राहून हे वाचणार आहे. तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तुमच्या गावात तुमचे खरे नाव पुन्हा रुळलेले तुम्ही ऐकावे, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे ऐकत राहावे.