हनुवटीवरचा हात

वीस वर्षं मी झाशीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते आहे. पोर्ट्रेट म्हणजे माणसाचं हुबेहूब चित्र, असं दरवर्षी फळ्यावर लिहिते. आमच्या गल्लीत मात्र हा शब्द फक्त गेलेल्या माणसासाठी वापरतात. जिवंतपणी फोटो, मेल्यावर पोर्ट्रेट. आई गेली आणि तेराव्याच्या आत तिचं पोर्ट्रेट करून आणायला मलाच जावं लागलं.

तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. मऊरानीपुरच्या एका लग्नातला, घोळक्यातला एक सापडला, तोही हनुवटीवर हात ठेवलेला. स्टुडिओवाल्यानं तिचा चेहरा कॉम्प्युटरवर मोठा केला, साडी नेसलेल्या एका तयार चित्रावर बसवला आणि वर डोक्यावरून पदर घेतला. मी ताडकन म्हटलं, "भैया, हमारे यहाँ सिर नहीं ढकते." इतक्या पिढ्या इथे मराठी म्हणून राहिलो, त्याचा काय तो ताठा! त्यानं निमूट पदर काढला. मग विचारलं, "मैडम जी, हाथ भी हटा दूँ? नीचे क्या है बता दीजिए, बना देंगे."

खाली चामखीळ होती, हरभऱ्याएवढी. पण उजवीकडे की डावीकडे? मला आठवेना. फक्त अकरा दिवस झाले होते! डोळे मिटून पाहिलं, तरी नाही. भावाला फोन केला, तो म्हणाला डावीकडे. मावशी म्हणाली उजवीकडे, अगदी शपथेवर. शेवटी बाबांना विचारलं. सारा जन्म त्यांनी तिच्याबरोबर काढलेला. ते म्हणाले, "कसली चामखीळ?"

"रहने दीजिए हाथ," मी स्टुडिओवाल्याला म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तो हात तिथे कुणामुळे आला, हे फक्त मला ठाऊक आहे. मी चौथीत असताना शाळेतल्या मुली तिला हसल्या, तेव्हा घरी येऊन मीच म्हटलं होतं, "आई, चारचौघांत तिथे हात ठेवत जा ना." त्यानंतर माणसांत असताना तिनं तो हात कधी काढला नाही.

पोर्ट्रेट आता बैठकीत लावलंय. येणारे जाणारे म्हणतात, अगदी हुबेहूब. माझी मुलगी म्हणते, "आजी कुछ सोच रही हैं." मी रोज हार बदलते आणि आसपास कुणी नसलं की म्हणते, "आई, चुकलं ग माझं. आता तरी काढ ना तो हात."