सर्जापूर रोडवरून झालेलं भांडण

आज सकाळी बीपी मोजून झाल्यावर दंडावरचा पट्टा काढला. वेल्क्रो फर्रकन सुटलं आणि मला एचएसआर लेआउटमधलं ते फिजिओथेरपी सेंटर आठवलं. पक्षाघातानंतर बाबांना तिथे पट्ट्यांत अडकवून ट्रेडमिलवर उभं करत. वरचा दोर त्यांचं काही वजन पेलायचा आणि किती टक्के, ते समोरच्या पडद्यावर दिसायचं.

सगळा घोळ त्या पडद्याचा होता. बाबा निवृत्त इंजिनिअर. आकडा चाळीस असेपर्यंत चालायचे. पस्तीस दिसला की त्यांचा गुडघा दुमडायचा. आठवडेच्या आठवडे हेच चाललेलं. दोराचा आधार सुटल्याशिवाय ते घरात चालणार कसे? मी पार वैतागलो होतो.

त्या दिवशी आम्हाला उशीर झाला. पट्टे बांधून चालायला लागताच बाबा माझ्याकडे मान वळवून गरजले, "सर्जापूर रोडने आणायला कुणी सांगितलं होतं?"

"दुसरा रस्ता खणलाय, बाबा!"

"मग गल्लीतून यायचं. डोकं वापर!"

"गल्लीत गाडी वळते तरी का?"

त्यांच्या मागून थेरपिस्ट शिल्पाने मला खूण केली, भांडण चालू द्या. तिचं बोट आधार कमी करायच्या बटणावर होतं. मला नाटक करावंच लागलं नाही, मी खरोखर चिडलो होतो. आज वाटतं, त्यांच्या आजारपणात माझा सर्वांत जास्त उपयोग त्या चिडण्याचाच झाला.

"अण्णा, स्वल्प इल्ली नोडी," जरा इकडे बघा, असं बाबांना कन्नडमध्ये म्हणत अखेर तिने पडद्याकडे बोट दाखवलं. आकडा वीस होता. बाबांनी तो नीट वाचला.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले आणि चालत राहिले.