दोन सूत लूझिंग

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, शिवणाच्या दुकानात कापड कापणारे मास्तर आहेत. एकदा घेतलेलं माप परत घ्यायचं नाही, हा त्यांचा बाणा. गिऱ्हाईक फिटिंगला आलं आणि कोट पोटावर आवळला, तर दोष गिऱ्हाइकाच्या पोटाचा. "मी माप घेतलं तेव्हा हे पोट इथे नव्हतं," असं ते तोंडावर सांगायचे, आणि गिऱ्हाईक बिचारं ओशाळून पोट आत घ्यायचं. असल्या माणसाला तीस वर्षं सगळ्यांनी डोक्यावर बसवून ठेवलं, मग तो आपणहून खाली कशाला उतरेल?

मी त्याच दुकानात काज करते, बटणं लावते. ताईमुळे मला ते काम मिळालं, आणि मी ही गोष्ट विसरेन की काय याची भाऊजींना भारी काळजी. "कापणं ही विद्या आहे, भोकं काय कुणीही पाडतं," हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतेय. मी आपली मान खाली घालून काज करते. जाडजूड कोटाचं काज असं करून दाखवा म्हणावं एकदा, की बटण आत सहज जाईल आणि आपणहून कधी बाहेर येणार नाही. पण सांगणार कुणाला!

तर या विद्वान माणसाच्या लघवीतून रक्त जायला लागलं आणि त्याने ते आठ महिने लपवलं. विचारलं की "उष्णता झालीय" म्हणे. शेवटी ताईने रडून-भेकून दवाखान्यात नेलं, तेव्हा मूत्राशयात कॅन्सर निघाला. मूत्राशय काढून टाकावं लागलं. आतड्याचा छोटा तुकडा वापरून लघवीला पोटाच्या उजव्या बाजूने नवी वाट करून दिली. त्या वाटेचं तोंड लालभडक, ओलसर दिसतं, पण हात लावला तरी दुखत नाही. त्याला स्टोमा म्हणतात. तिथून लघवी थेंब थेंब सारखी येत राहते, थोपवून धरता येत नाही. म्हणून भोवती चिकटणारी चकती लावायची आणि तिच्यावर पिशवी.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरने सगळं समजावलं. पिशवी अर्धी भरायच्या आत खालच्या तोटीने रिकामी करायची. झोपताना तोटीला नळी जोडून मोठी पिशवी लावायची. पाणी भरपूर प्यायचं. लघवीत पांढरे धागे दिसले तर घाबरायचं नाही, तो आतड्यातून येणारा चिकट स्राव असतो. चकती तीन-चार दिवसांनी, सकाळी चहापाण्याच्या आधी बदलायची, तेव्हा लघवी कमी येते. ताई डोळे पुसत होती, तिला एक अक्षर कळलं नाही. भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. ऐकत होते ती मी, जिला कुणी सांगतच नव्हतं.

मग सिस्टरने गोल भोकांचं एक कार्ड दिलं. "आत्ता सूज आहे. पुढचे सहा-आठ आठवडे हे लहान होत जाईल. दर आठवड्याला या कार्डावर माप बघा आणि चकतीचं भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. जास्त नको. उघडी राहिलेली कातडी लघवीने सोलते."

भाऊजींनी कार्डाकडे असं पाहिलं, की मलाच त्या सिस्टरची दया आली. "मला माप शिकवतेय," ते गाडीत म्हणाले.

घरी नातेवाइकांची रीघ लागली. एकेकाचं प्रेम काय वर्णावं! दारात येईपर्यंत डोळ्यांत पाणी, आत आल्यावर नाकाला रुमाल. पिशवीला वास येत नसतो, नीट लावली असेल तर. पण त्यांना तो फाटकापासूनच यायला लागायचा. एक मावशी तर खोलीत फवारायचा सुगंध घेऊन आली आणि आल्या आल्या चारी कोपऱ्यांत मारून मोकळी झाली.

पंधरा दिवसांत पिशवी गळायला लागली. आता वास खरंच यायला लागला. भाऊजींचा निकाल तयार होता: "माल हलका आहे." दुसऱ्या कंपनीच्या पिशव्या आल्या, त्याही गळाल्या. कातडी लालबुंद झाली म्हणून ताईने मायेने तेल चोळलं, तर पुढची चकती तासभरही चिकटली नाही. तेलावर काय चिकटणार, कपाळ? मग भाऊजींनी आणखी अक्कल चालवली. पाणीच बंद केलं, म्हणजे पिशवी भरायला नको. लघवी चहासारखी गडद झाली, वास दुप्पट झाला.

दोन महिने पुरे होताच हे हट्टाने कामावर आले. मालकांनी त्यांचं कापायचं टेबल कुणाला दिलं नव्हतं, हा मालकांचा चांगुलपणा. अकराच्या सुमारास, मोतिया रंगाच्या सुटाच्या कापडावर वाकले असताना त्यांच्या शर्टाची कड ओली झाली आणि कापडावर तळहाताएवढा डाग उमटला. भाऊजींनी शांतपणे कोपर मारून माझा पाण्याचा पेला पाडला. "पाणी सांडलं," ते मोठ्याने म्हणाले. ज्या माणसाने सकाळपासून घोटभर पाणी घेतलं नव्हतं, त्याचं पाणी सांडलं! सगळे मशीनवर मान खाली घालून बसले. मीसुद्धा. त्या क्षणी मला त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

मालक हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, सोमवारपर्यंत घरी आराम करा. सोमवारी बरं असेल तर या. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

घरी येऊन त्यांनी कात्री ताईच्या हातात दिली. "ठेवून दे कुठेतरी. नाहीतर कुणाला देऊन टाक." तिशीत घेतलेली ती कात्री त्यांनी आजवर दुसऱ्याला धरूही दिली नव्हती.

ताईचा फोन आला तशी रविवारी सकाळी मी गेले. भाऊजी चकती बदलायला बसले होते. शेजारी खोक्यात वीसेक चकत्या, सगळ्यांना आधीच भोकं पाडलेली, सगळी तंतोतंत सारखी. आणि वर पुठ्ठ्याचा फर्मा! या गृहस्थांनी दवाखान्यातून आल्या आल्या एकदाच माप घेतलं, फर्मा केला आणि पुढे येईल तो गठ्ठा त्याच फर्म्यावर एका दमात कापून ठेवला, जशा आम्ही दुकानात गणवेशाच्या बाह्या कापतो.

"माप किती होतं?" मी विचारलं.

"सव्वा इंच."

"आणि फर्मा?"

"दीड. दोन सूत लूझिंग नको? घट्ट झालं तर अंगाला टोचेल."

मी कपाळावर हात मारला. "भाऊजी, काजाला लूझिंग सोडते का मी? दोन सूत म्हणजे पाव इंच! तेवढं सोडलं तर बटण निसटतं. तुमचं तेच चाललंय. त्यात ते तोंड आता सव्वा इंच राहिलंय का ते तरी बघितलंत?"

"मी घेतलेलं माप..."

"माहितीय. परत घेत नाही तुम्ही. उभे राहा. शर्ट वर करा."

"भोकं पाडणारीने मला..." त्यांनी सुरुवात केली आणि पुढचं गिळलं. उठून उभे राहिले.

ताईने जुनी चकती ओल्या फडक्याने हळूहळू सोडवली. खालची कातडी सोलून निघाली होती. इतके दिवस हा माणूस हे अंगावर घेऊन वावरत होता आणि मालाला नावं ठेवत होता. मी कोमट पाण्याने पुसलं, कोरडं केलं, थेंब टिपायला जाळीच्या कापडाची गुंडाळी धरली आणि सिस्टरचं कार्ड लावलं. भाऊजी छताकडे बघत होते. आणि बघते तर काय, त्यांनी पोट आत ओढून घेतलं होतं.

"पोट सोडा," मी म्हटलं. "आहे तिथे असू दे."

माप भरलं बरोबर एक इंच. नव्या खोक्यातली न कापलेली चकती घेऊन मी एक इंच आणि वर एक सूत, म्हणजे सिस्टरने सांगितलेले तीन मिलिमीटर, एवढंच भोक कापलं. लावून, नीट चिकटावी म्हणून वर तळहाताची ऊब दिली. वीसच्या वीस चकत्या कचऱ्यात टाकल्या, तेव्हा भाऊजींनी तोंड फिरवलं.

सोमवारी ताईकडून कात्री मागून घेऊन ते कामावर आले. पाणी पीत होते, दर दोन तासांनी पिशवी रिकामी करून येत होते. संध्याकाळपर्यंत मोतिया कापडाचा नवा तागा कापून झाला, कोरडा. मालकांना म्हणाले, "आधीचा माल हलका होता." मी काज करत होते. हसू दाबताना सुई बोटात गेली.

आता दर रविवारी ते चहाआधी शर्ट वर करून उभे राहतात. पोट आत घेत नाहीत. आभाराचा शब्द नाही, तो त्यांच्या विद्येत बसत नसावा. गेल्या रविवारी माप इंचाला एक सूत कमी भरलं. मी आकडा सांगितला आणि कात्री उचलली.

"थांब," भाऊजी म्हणाले. "परत घे."