गुंडावरचा लास्ट

सिहोऱ्याच्या बाजारात शकुंतलाबाईच्या छिन्नीशिवाय कोणाच्या लेकीचं आंदण पुरं होत नाही. पाणी भरायचा गुंड असो, परात असो, भांड्यावर नाव टाकायचं तर तिनंच. भंडाऱ्यात आता त्याचं मशीन आलंय, घर्रघर्र करत क्षणात नाव उमटवतं. शकुंतलाबाई त्याला मोजतच नाही. "मशीन भांड्याले खाजवते. मी लिहते. घासून घासून हात झिजतीन, नाव नाई झिजणार," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवते. आणि टाकण्याआधी शब्दन् शब्द विचारून घेते, कारण छिन्नीला काही खोडरबर नसतं.

तर अशा बाईच्या स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलं. तृप्तीनं नवाकोरा पितळी गुंड आईपुढं ठेवला आणि म्हणाली, "आई, वीरेंद्र-तृप्ती टाक, आन खाली टाक, एव्हरलास्टिंग."

"म्हणजे काय व?"

"वीरेंद्र फोनवर म्हणत राहते. आपलं एव्हरलास्टिंग आहे म्हणून."

"त्याच्यात लास्ट आहे का नाई?"

"आहे. पण तो पुरा एकच शब्द..."

"मग नाई टाकत!"

लास्ट! एवढा एक इंग्रजी शब्द शकुंतलाबाईला पुरता ठाऊक होता. तृप्ती शाळेत होती तेव्हा तिच्या बापाच्या, टेकचंदच्या, छातीत दुखायला लागलं. स्टँडवर कंडक्टर ओरडत होता, "तुमसर, लास्ट गाडी, लास्ट गाडी!" टेकचंद दवाखान्यात जायला भावासोबत खिडकीशी बसला, "सकाळच्या गाडीनं येतो" म्हणाला, आणि आलाच नाही. तेव्हापासून दुकानदारानं "लास्ट पीस आहे" म्हटलं तरी ही बाई हातातलं लुगडं खाली ठेवते. तो शब्द लेकीच्या गुंडावर?

तृप्तीही आईचीच लेक. "नको टाकू. मी भंडाऱ्याले मशीनवर टाकून आणते!"

झालं! गावभरच्या पोरींची भांडी आईनं लिहायची आणि पोटच्या पोरीचं मशीननं खाजवायचं? शकुंतलाबाईचे डोळे भरून आले. ते पाहून तृप्ती विरघळली, जवळ येऊन बसली.

"आई, चप्पल घेताना तू काय विचारते?"

"किती टिकन म्हणून."

"त्या टिकण्यालेच लास्ट म्हणते. एव्हरलास्टिंग म्हणजे कधीच न संपणारं."

"संपते तेही लास्ट, आन टिकते तेही लास्ट? इंग्रजायले शब्द कमी पडले का काय!"

तृप्ती खळखळून हसली. "जाऊ दे. तुले पटत नसन तर नुसती नावं टाक. मशीनवर नाई नेत," म्हणाली आणि शिवायला टाकलेले ब्लाउज आणायला निघून गेली.

शकुंतलाबाईनं नावं टाकली. वळणदार, एकसारखी, ती नेहमी टाकते तशी. मग छिन्नी हातातच राहिली. समोर पाण्याच्या ओट्यावर तिच्या स्वतःच्या आंदणाचा गुंड होता. एका बाजूला पोचा, बुडाला दोनदा डाग दिलेला. नाव मात्र ठसठशीत: टेकचंद-शकुंतला. ते तिच्या बापानं टाकलेलं, ज्यानं तिच्या हातात छिन्नी दिली. रोज चिंच लावून ती हा गुंड घासत आली, रोज त्या नावावरून बोटं फिरली. आज तिनं पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग गुंडातलं पाणी बादलीत ओतलं आणि तो आडवा करून मांडीशी घेतला.

तृप्ती परतली तेव्हा नवा गुंड पोत्यावर चकाकत होता. वीरेंद्र-तृप्ती, आणि खाली ऐटीत एव्हरलास्टिंग. "माय व!" म्हणून तिनं उडीच मारली. मग पाणी घ्यायला ओट्याशी गेली, आणि गडवा हातातच राहिला. आईबापाच्या नावाखालीही तोच शब्द होता, अजून ताजा, पिवळाधमक.

"आई, याच्यावर कायले टाकलं? बाबा तर..."

शकुंतलाबाई हातोडी पुसून डब्यात ठेवत होती.

"तुमचं टिकते का नाई, ते पुढं पाहू," ती म्हणाली. "आमचं टिकलं आहे."