इस्लमूचं वाक्य

आमच्या गावात पाण्याची बोंब आहे, पण व्याकरणाला तोटा नाही. कुणी विहिरीत पडला आणि "वाचवा" ओरडताना त्याचा शेवटचा स्वर चुकला, तर आम्ही आधी तो स्वर दुरुस्त करू आणि मग दोर सोडू. राजधानीतले, नुआकशोतचे लोक हसतात आम्हाला. हसू देत.

अशा गावात उंटांचा व्यापारी इस्लमू जावई म्हणून आला, इथेच घोळ झाला. सासरा शेख देद्दाह, अरबी व्याकरणाचा मोठा गुरू. बायको तेक्बेर, बापाहून तिखट. एकदा पाहुण्यांसमोर तिने इस्लमूचं बोलणं सुधारलं. हा फणकारला, "तुझ्या व्याकरणाने उंटीण दूध देते का गं?" पाहुणे खो खो हसले. तेक्बेरने शांतपणे पाहुणचाराचा तिसरा, शेवटचा चहा ओतला, बोचकं बांधलं आणि बापाच्या तंबूत निघून गेली.

रुसलेल्या बायकोला आणायला आमच्याकडे भेट पाठवतात. इस्लमूने उंटीण पाठवली. शेखने ती परत धाडली. सोबत निरोप, "एक वाक्य धड बोलून दाखव, मग मुलगी ने."

झालं! पन्नाशीचा इस्लमू लिहायची लाकडी फळी काखेत मारून शेखच्याच पाठशाळेत आला. पण आमच्यात जावयाने सासऱ्याला तोंड दाखवायचं नसतं, त्याच्यापुढे बोलायचंही नसतं. म्हणून हा मुंडासं डोळ्यांपर्यंत गुंडाळून, शेखकडे पाठ करून, तंबूच्या खांबाआड बसे. अरबीत कर्ता-कर्माची सगळी मेख शब्दाच्या शेवटच्या स्वरात, आणि याचा शेवट मुंडाशातच अडके. शेख ओरडे, "ऐकू येत नाही!" की हा लाजून मुंडासं आणखी वर ओढे.

मीही तिथलाच विद्यार्थी, त्याच्या शेजारीच बसायचो. पहिला धडा शेकडो वर्षं चालत आलेला, सगळ्यांना ठाऊक असलेला: झैदने अम्रला मारलं. मारणारा कोण, मार खाणारा कोण, एवढंच ओळखायचं.

इस्लमू कुजबुजला, "का मारलं रे? काय केलं होतं बिचाऱ्याने?"

"तुला काय करायचंय? कर्ता सांग."

"वा रे वा! इतकी वर्षं मार खातोय आणि तुम्ही नुसता कर्ता शोधताय?"

मला त्याचा भयंकर राग आला. अशाने धडा पुढे कसा सरकायचा?

परीक्षेला गावातले सगळे वडीलधारे जमले. तेक्बेर बायकांमध्ये तोंड फिरवून बसली होती. शेख म्हणाला, "स्वतःचं वाक्य कर. कर्ता हवा, कर्म हवं."

इस्लमू खांबाआडून बाहेर आला, वळला आणि सासऱ्यासमोर त्याने चक्क मुंडासं सोडलं. "तोबा, तोबा!" कुणीतरी पुटपुटलं. चेहरा घामाने डबडबलेला, पण आवाज खणखणीत.

"इस्लमूने तेक्बेरला चारचौघांत दुखावलं."

माझ्या अंगावर काटा आला. वडीलधाऱ्यांना मात्र तो कानात टोचला. एक म्हणे, शेवटचा स्वर चुकला. दुसरा म्हणे, जुन्या पंडितांच्या मते चालतो. तिसऱ्याने दोघांच्या गुरूंची अक्कल काढली. चहा निवून गेला. अखेर शेखने निकाल दिला, "नापास!"

तोवर तेक्बेर इस्लमूच्या गाडीत बोचकं टाकून पुढच्या सीटवर बसली होती.

शेख धावला. "अगं, निघालीस कुठे? नापास झालाय तो!"

"बाबा, तुम्ही शेवट ऐकत बसा," ती म्हणाली. "मी वाक्य ऐकलं."